शिळं पाणी

आमच्या पडेगावच्या कॉलनीत दोन गोष्टी पैठणहून येतात: नळाचं पाणी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई सकाळच्या एसटीत बसल्या की जेवणाच्या वेळेला हजर. पाणी मात्र आठवड्याने कधीतरी उगवतं. मधले दिवस कॉलनीच्या सामाईक बोअरवर निघायचे, आणि उन्हाळ्यात तो आटला की टँकर.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आणि त्याच उन्हाळ्यात बोअरने मान टाकली. बाईंचा सगळा जन्म पैठणच्या धरणाच्या, नाथसागराच्या काठावर गेलेला. पाणी विकत घेताना त्यांनी मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकू लागल्या. मी रागावले, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही. "माझ्या अंगावर इकतचं पानी नगं," एवढंच म्हणायच्या. पुढच्या मे महिन्यातही हेच असेल तर पुतण्याला बोलावून गावी परत जाणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. गावी घर होतं, पण घरात दुसरं कोणी नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. दिवसभर भांडायला हक्काचं माणूस मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

मग मी कॉलनीच्या मागे लागले. सभेत सगळे माना डोलवतात आणि चहा पिऊन घरी जातात, हा माझा अनुभव; म्हणून या वेळी चहा खड्डा खणून झाल्यावरच मिळेल असं सांगितलं. पावसाचं पाणी जमिनीत मुरून बोअरला मिळावं म्हणून बोअरशेजारी खड्डा खणला, त्यात दगडगोटे, खडी, वाळू भरली आणि सगळ्या गच्च्यांचे पाइप आणून सोडले. पावसाळाभर खड्डा गटागट पाणी पीत होता आणि मी खिडकीतून बघून खूश होत होते.

पाऊस थांबल्यावर हा आनंद काही टिकला नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशी आमच्याकडे एक रीत आहे. ताजं पाणी भरायचं तर आधी पिंपातलं, हंड्यातलं शिळं पाणी ओतून द्यायचं. आठवडाभर थेंबाथेंबाला जपणारी माणसं त्या सकाळी हंडेच्या हंडे गटारात उपडे करतात. मीही करायचे. हे पाणी निदान खड्ड्यात ओतू या, असं मी सुचवलं, तर सगळ्यांच्या आधी सासूबाईच उसळल्या. बोअरचं पाणी देवाला जातं. त्यात शिळं कसं मिसळायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी चिडले. "मग तुमच्या धरणातलं पाणी काय रोज नवं येतं का? वर्षभर साठलेलंच पितो ना आपण?"

सासूबाई भाकरी जरा जोरातच थापू लागल्या. मला वाटलं, फारच लागलं. मग तवा उतरवत त्या म्हणाल्या, "व्हय की. नाथसागर तर लई शिळा."

पुढच्या पाण्याच्या दिवशी त्या भल्या सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. गटाराकडे वळलेला एकही हंडा त्यांनी सोडला नाही. कॉलनीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर दुसऱ्यांना दरडावलेले. तेही बादली घेऊन मुकाट्याने खड्ड्याकडे गेले. हळूहळू बायकांनी पाणी ओतणंच सोडलं आणि त्यातच धुणी होऊ लागली.

मे महिना आला. रोज मोटार सुरू केली की मी आधी नळाखाली हात धरून बघायचे. बोअरची धार बारीक झाली, पण तुटली नाही, आणि टँकर गल्लीत शिरला नाही. सासूबाईंची अंघोळ मात्र अजून तांब्याभरच होती. बोअर कधीही दगा देईल, अशीच त्यांना धास्ती. जायचं की राहायचं, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं.

सासूबाईंनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे पुतण्या गाडी घेऊन भर दुपारी आला, घामाने निथळत. काकूची पिशवी भरली का, असं त्याने आल्या आल्या विचारलं. मी स्वयंपाकघरात ताटं घेता घेता थांबले. सासूबाई उठल्या, न्हाणीत गेल्या आणि बोअरच्या नळाखाली बादली लावली. बादली काठोकाठ भरेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

"आधी आंघुळ कर," त्या पुतण्याला म्हणाल्या. "चांगलं दोन बादल्या घे, घरचं पानी हाय. मंग जेव, आन् एकटाच जा."