आर्मिंदो फुर्ताडोची मुदतवाढ

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या पोस्टात दर पंधरा एप्रिलला, म्हणजे टॅक्सचं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, सर्वांत आधी हजर असायचा तो छपरं दुरुस्त करणारा आर्मिंदो फुर्ताडो. इस्त्रीचा शर्ट घालून तो टॅक्सखात्याचं पाकीट खिडकीत द्यायचा आणि रांगेतल्या घामाघूम मंडळींना ऐकवायचा, "आपलं काम कसं वेळच्या वेळी!"

पाकिटात रिटर्न नसायचंच. रिटर्न भरायला मुदत वाढवून द्या, असा एकपानी अर्ज असायचा. सहा वर्षं हा पठ्ठ्या नुसती मुदत मागत होता.

मग कंबरेनं दगा दिला, कामं गेली, हप्ते थकले आणि बँकेनं घराच्या लिलावाची तारीख लावली. बायकोला, देओलिंदाला घेऊन तो वकीलबाईंकडे गेला.

"दिवाळखोरीच्या अर्जानं लिलाव थांबेल," वकीलबाई म्हणाल्या. "पण सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत मागच्या चार वर्षांची रिटर्नं गेली नसतील तर कोर्ट अर्ज फेटाळेल आणि घर जाईल. भरलीत ना?"

"मुदत मागितलीय की! दरवर्षी!"

"अहो, ती ऑक्टोबरपर्यंतच असते. त्याच वर्षीच्या!"

"मला कुणी बोललं नाही."

"अर्जावरच छापलंय, मिस्टर फुर्ताडो."

एरवी सूपमधल्या मिठावरून तासभर भांडणारी देओलिंदा पर्सची चेन उघडबंद करत बसली. आर्मिंदोला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

वकीलबाईंनी अर्ज टाकून लिलाव थांबवला. पुढे तीन आठवडे स्वयंपाकघराच्या टेबलावर बिलांचा ढीग होता. छपराच्या डांबरानं चिकटलेली बिलं देओलिंदा सुरीनं सोडवायची. "हे बिल आहे की छपराचा तुकडा?" एवढंच काय ते बोलायची. रिटर्नं गेली ती सुनावणीच्या आदल्या दिवशी.

सुनावणीला कोर्टाच्या अधिकाऱ्यानं खरं बोलायची शपथ दिली आणि विचारलं, "इतकी वर्षं रिटर्नं का भरली नाहीत?"

आर्मिंदोनं कॉलर ओढली. "ऑक्टोबरचं मला माहीत होतं, साहेब. आकडा किती निघेल याची भीती वाटायची. पोस्टात जाऊन आलो की दोन दिवस बरं वाटायचं."

अधिकाऱ्यानं मान डोलावली. "रिटर्नं पूर्ण आहेत. ठरलेले हप्ते भरत राहा, घर तुमचंच. पुढचे कोण?"

बाहेर येताच आर्मिंदो बायकोकडे वळला. "घाल एकदाच्या शिव्या."

"कशाला? मला पहिल्या वर्षापासून कळत होतं," देओलिंदा म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू खरं सांगितलं असतंस म्हणून."