आदी घंटा, मंग च्या

आमच्या पाटोद्याच्या सहकारी जिनिंगमध्ये आगीची घंटा तपासायला नगरपंचायतीचा एक माणूस यायचा. चहा विचारला की ठरलेलं उत्तर, "आदी घंटा, मंग च्या."

एका वर्षी दुष्काळात घंटा वाजली की बाया टँकर आला समजून हंडे घेऊन पळत यायच्या, म्हणून चेअरमननी तिच्यात गोणपाट कोंबलं होतं. ते दिसताच त्यानं मशीनला सील ठोकलं. कापसाच्या गाड्या खोळंबल्या, चेअरमननी फोनवर फोन लावले. हा बाकावर ढिम्म.

शेवटी चेअरमनच शिडीवर चढले, गोणपाट उपसलं. घंटा कडाडली आणि अख्खी गल्ली हंड्यांसकट गेटवर!

"टँकर न्हाई मावशी," तो ओरडला, "घंटा जित्ती हाय!"

सील तोडून त्यानं चहा मागितला. कप चेअरमननीच आणून दिला. तसा मोठा भुरका मी पुन्हा ऐकला नाही.