आहेरात गेलेला लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉप वजनावर घेतला गेला. मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात बुकिंग सांभाळतो. परंदवडीहून रोज मोटारसायकलवर जायचं, पाठीला लॅपटॉप लटकवून. म्हणून तो छोटा आणि हलका हवा, एवढीच माझी अट. दुकानात मी एकेक लॅपटॉप तळहातावर घेऊन, डोळे मिटून तोलत होतो.

"साहेब, लॅपटॉप घेताय की कलिंगड?" दुकानदाराने शेवटी विचारलंच.

"अहो, बाकीचंही काही विचारा ना!" बायको कुजबुजली.

मी विचारलं, "याच्याहून हलका आहे का?"

अखेर वहीएवढा एक मिळाला. चार दिवस मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला उचलायला लावत होतो. (शेजारच्या भाऊंना तर दोनदा!) धूळ बसू नये आणि चोरालाही पत्ता लागू नये, म्हणून घरी आलो की तो साडीच्या रिकाम्या बॉक्समध्ये घालून कपाटात ठेवायचो. काय ही अक्कल!

रविवारी इंदुरीला मावशीच्या मुलाचं लग्न होतं. ते उरकून घरी आलो, कपाट उघडलं, तर बॉक्स गायब!

"आई, इथला गुलाबी बॉक्स कुठंय?"

"त्यो? मावशीला आहेर केला न्हाई का!"

"अगं, त्यात माझा लॅपटॉप होता!"

"मंग सांगायचं न्हाई व्हय? उचलून बगितला की मी. साडीवानीच लागला!" आई उलट माझ्यावरच डाफरली. "हलका हाय, हलका हाय म्हनून चार दिस तूच नाचत व्हतास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांना अख्ख्या सीझनचं बुकिंग दाखवायचं होतं, नाहीतर नोकरीवर पाणी! आणि ते सगळं त्या गुलाबी बॉक्सात. (दुसरीकडे कॉपी? तीही मला जड वाटली असावी.)

आईला गाडीवर घालून तसाच इंदुरीला गेलो. आलेला आहेर न उघडता पुढे सरकवायचा, ही आमच्या घराण्याची शिस्त. मावशीने ती चोख पाळली होती.

"आरं, त्यो म्या तवाच विहीनबाईला दिला. कुसगावला ग्येला बी!"

"द्यायच्या आदी बगायचं तरी!" आई म्हणाली.

"तू बगितलंस व्हय?" मावशी म्हणाली.

लग्नाच्या खुर्च्या परत नेणारा टेम्पो कुसगावकडेच निघाला होता. त्यात आम्ही तिघं खुर्च्यांसकट चढलो.

विहीणबाईंच्या दारात ही गर्दी! आत लॅपटॉप देवासमोर पाटावर बसलेला, अंगभर हळद-कुंकू. विहीणबाई आळीतल्या बायकांना सांगत होत्या, "साडी काय कुनी बी देतंय. आमच्या विहीनबाईंनी लॅपटॉप दिला! हाय का कुनाची अशी सोयरीक?"

मावशी फुगून दुप्पट झाली. मी तोंड उघडणार, तोच तिने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. "येक अक्षर बोललास तर बग!"

इकडे नोकरी, तिकडे मावशीची अब्रू! मी खरंच रडकुंडीला आलो.

एवढ्यात विहीणबाईंनी लॅपटॉप उचलला, खाली-वर करून पाहिला आणि नाक मुरडलं. "पर पावनं, लयच हलका लागतोय. टिकंल का? जरा जड न्हाई मिळायचा बदलून?"

"मिळेल की!" मी जवळजवळ ओरडलोच. "द्या इकडे! उद्याच आणतो!" आणि कुंकवासकट लॅपटॉप छातीशी धरून बाहेर सुटलो.

नोकरी वाचली, अब्रूही वाचली. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात जड लॅपटॉप मी स्वतः विहीणबाईंना पोचवला. आम्ही आहेरात लॅपटॉप देतो, ही बातमी मावळभर झाली. हल्ली कुणाच्याही लग्नाला गेलो की मला पहिल्या रांगेत नेऊन बसवतात. आणि मी खिशातून आहेराचं पाकीट काढलं, की वरबाप वाकून माझ्या खुर्चीखाली बघतो!