‘अहो’ म्हटलं की सगळेच वळतात

चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीकडे तोंड करून चष्मेवाल्या मावशी बसायच्या. दुकान त्यांचं नव्हतं, पण गिऱ्हाइकं मालकापेक्षा त्यांनाच जास्त ओळखायची. काडी सैल झाली, काच निसटली, कोणी चष्म्यावरच झोपलं, की सगळं त्यांच्या टेबलावर. मुंगीएवढे स्क्रू त्या चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवायच्या आणि वर ऐकवायच्याही, "चष्मा नाकावर घालतात हो, पाठीखाली नाही."

तर या मावशींचा हात कापायला लागला.

आधी एक स्क्रू उडून टेबलाखाली गेला. मग एका नव्याकोऱ्या काचेवर स्क्रूड्रायव्हर घसरला आणि चरा उठला. मालक माणूस भला, पण कितीही भला झाला तरी मालकच. "मावशी, थोडे दिवस काउंटरवर बसा," म्हणाला. काउंटरवर बसायचं म्हणजे गोड बोलून फ्रेमा विकायच्या, आणि गोड बोलण्याशी मावशींचं उभ्या जन्मात कधी जमलं नव्हतं.

घरी त्या आणि त्यांच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, अशा दोघीच. नवरा झोपेतच गेला, त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. या दोघींचं क्षणभर पटायचं नाही आणि एकमेकींवाचून पान हलायचं नाही. वन्संनी एकदा स्पष्टच विचारलं, "पहाटे दचकून उठतेस, अंगावरचे कपडे घामाने भिजलेले असतात. मला काय दिसत नाही?" आणि हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तिथे मग स्वप्न सांगावंच लागलं. मोठं बसस्थानक, माणसांची तोबा गर्दी. नवरा पुढे चाललेला, अंगात तोच तपकिरी स्वेटर, उजवा खांदा जरा खाली. मावशी हाक मारतात, "अहो." झाडून सगळे पुरुष वळून बघतात. तो तेवढा वळत नाही. पुन्हा "अहो", पुन्हा सगळे वळतात. तो बसमध्ये चढतो, दार लागतं, आणि मावशी जाग्या होतात. छातीत धडधड.

"मग नावाने हाक मारा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींना वाटलं, या पोरीला काय सांगायचं? लग्न झाल्यापासून सगळा संसार ‘अहो’वर निघाला होता. घरात ‘अहो’ एकुलता एक, हाक मारली की हजर. नाव कागदावर लिहिलं असेल, तोंडातून कधी काढलं नव्हतं. गर्दीत आपला ‘अहो’ सगळ्या जगाचा ‘अहो’ होऊन बसतो, हे कोणाच्या ध्यानात येणार?

डॉक्टरीणबाईंनी लाळ तपासायला नळ्या दिल्या. सकाळी उठल्या उठल्या, चूळसुद्धा न भरता, त्यात थुंकायचं. पहिल्या दिवशी मावशींनी सवयीने खळखळून चूळ भरली आणि नमुना वाया घालवला. दुसऱ्या दिवसापासून वन्सं बेसिनपुढे पहारेकऱ्यासारख्या उभ्या. "आधी थुंक, मग बोल," हे वाक्य त्या घरात त्याआधी कोणी उच्चारलं नसेल.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. भीती वाटली की शरीर कॉर्टिसोल नावाचं रसायन रक्तात सोडतं, ते लाळेतही उतरतं. संकटातून निभावून न्यायला ते लागतंच, आणि सकाळी उठताना थोडं वाढतंही. पण स्वप्नातली भीतीसुद्धा शरीर खरीच धरतं. "तुम्हाला स्वप्न पडलेल्या सकाळी ते चांगलंच चढलेलं दिसतंय. त्यात झोप मोडलेली. रोज पहाटे शरीर त्या बसमागे धावतंय, मावशी, हात कसा कापणार नाही?"

उपाय साधा होता. दिवसाढवळ्या डोळे मिटून तेच स्वप्न आठवायचं, शेवट मात्र आपल्याला हवा तसा करायचा. रोज घोकायचं. "बऱ्याच जणांना गुण येतो," त्या म्हणाल्या, "काहींची तर स्वप्नं थांबतातच."

ते ‘थांबतातच’ मावशींच्या काळजात रुतलं. घरी येऊन त्यांनी काही घोकलं नाही की काही नाही. वन्संनी टोकलं तेव्हा बोलल्या, "वन्सं, ते येतात कुठे तर तिथेच. स्वप्न गेलं म्हणजे तेही गेले. कापू दे हात. बसेन काउंटरवर."

वन्संना राग आला. हातातलं भांडं त्यांनी जरा आपटलंच. "तुला निदान पाठ तरी दिसते त्याची. माझा भाऊ होता तो. माझ्या स्वप्नात एकदाही आला नाही." मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "जिवंतपणी कधी तुझ्या हाकेला ओ दिली नाही असं झालं का? मग आताच का त्याला पाठमोरा ठेवतेस?"



दुसऱ्या दिवसापासून मावशी दुपारी दुकानातून घरी आल्या आणि जेवण उरकलं की स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. वन्सं त्याला जन्मभर नावाने हाका मारत आल्या होत्या, तेव्हा मास्तरीण त्याच. "म्हण." मावशी तोंड उघडायच्या, लाजून लाल व्हायच्या, मिटायच्या. "अगं, साठी आली तुझी." पुन्हा तेच. कधी पहिलं अक्षर निघायचं आणि बाकीचं हसण्यात बुडायचं. शेवटी एका दुपारी, डोळे मिटून, मावशींनी नाव अख्खं घेतलं, चांगलं खणखणीत. आणि बघतात तर वन्संच भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. कितीतरी दिवसांत ते नाव त्या घरात कोणी हाकेसारखं उच्चारलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहाटे स्वप्न पडलं. तेच स्थानक, तीच गर्दी. मावशींनी नावाने हाक मारली. बाकी कोणी मान वळवली नाही. तो एकटा थांबला, वळला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "काय गं?"

मावशींनी घोकलं होतं ते हाकेपर्यंतच. पुढे काय बोलायचं, हे काही ठरवलं नव्हतं. तो बिचारा वाट बघत उभा राहिला, घाई केली नाही, आणि त्यांना एक शब्द सुचेना. जाग आली तेव्हा छातीत धडधड नव्हती.

तेव्हापासून स्वप्न पडलं नाही, मावशी रोज लवकर आडव्या होऊन वाट बघायच्या तरी. पुढच्या नळ्या ठीक आल्या, हात थाऱ्यावर आला, मालकाने स्वतः खुर्ची खिडकीशी सरकवून दिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते ना?" मावशी म्हणाल्या, "लागते." ते खरंच होतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

एका संध्याकाळी ताटं घेता घेता वन्संनी विचारलं, "त्याने ‘काय गं’ म्हटल्यावर काय सांगायचं होतं तुला?"

"सांगायचं काही नव्हतं हो," मावशी म्हणाल्या. "जेवलात का, एवढं विचारायचं होतं."

जेवणं झाली. मावशींनी भांडी आवरली, ओटा पुसला, आणि त्या दिवशीही जरा लवकरच आडव्या झाल्या.