वर न केलेला हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, त्याच वर्षी मला ज्युरीचं बोलावणं आलं, आणि मी आमच्या बॉथेल गावाहून रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जात होतो – लग्नाला निघाल्यासारखा.

खटला एका डॉक्टरवर होता. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला त्यांनी ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. तो त्याच संध्याकाळी वारला. दावा त्याच्या बायकोने लावला होता.

आणि त्या न्यायाधीश बाई! शेवटी त्यांनी आम्हाला सूचना वाचून दाखवल्या, तेव्हा मी भारावून गेलो. डॉक्टर माणूस म्हणून चांगला आहे का, ते बघू नका. पुढे काय घडलं ते आज ठाऊक आहे म्हणून त्यांना दोष देऊ नका. तशाच शिक्षणाच्या, काळजीने वागणाऱ्या डॉक्टरने त्या वेळी काय केलं असतं – एवढंच विचारा. तेही इथल्या साक्षींवरून, घरून आणलेल्या मतांवरून नव्हे. किती साधं, किती न्याय्य! आजही त्या सूचना आठवल्या की त्या बाईंना नमस्कार करावासा वाटतो.

मग मी काय केलं?

जरा मागे जातो. ज्युरी निवडताना वकिलाने विचारलं होतं – घरात कोणी डॉक्टर असेल त्याने हात वर करा. माझे बाबा नागपुरात डॉक्टर होते. मी हात वर केला नाही. केला असता तर वगळलं असतं, आणि ज्युरीत बसायची हौस होती, हे खरं. पण पुढचा प्रश्न काय आला असता? त्यांच्या हातून कधी चूक झाली का?

झाली होती. आमच्या गल्लीतले सायकलवाले काका छातीत दुखतं म्हणून आले, आणि बाबांनी पित्त आहे म्हणून परत पाठवलं. काका रात्र काढू शकले नाहीत. काकूंनी एका शब्दाने जाब विचारला नाही. उलट वर्ष सरल्यावर दिवाळीला नेहमीसारखा फराळाचा डबा पाठवला. "बघ, त्यांच्या मनात काही नाही," आई म्हणाली. विषय संपला. मी त्या चकल्या खाल्ल्या.

ज्युरीच्या खोलीत बहुतेक जण दावा लावणाऱ्या बाईच्या बाजूने होते. ईसीजी काढायलाच हवा होता, असं साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मलाही ते पटलं होतं – पटलं होतं! तरी मी बोलत सुटलो. दवाखान्यातली गर्दी, थकलेला माणूस, कोणाच्याही हातून होतं असं...

"तुम्हाला डॉक्टरांची एवढी माहिती कशी?" एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं.

"वाचतो थोडंफार," मी म्हणालो.

एकेक जण वळत गेला. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. पण मी सोडवलं कोणाला? काकूंनी कधीच न विचारलेला प्रश्न ती बाई भर कोर्टात, एवढ्या धीराने विचारत होती. मला तिचं मनापासून कौतुक वाटत होतं. आणि मीच तिला उत्तर मिळू दिलं नाही.

निघताना ती दाराशी उभी होती. रडत नव्हती. माझ्यासाठी दार धरून म्हणाली, "इतके दिवस नीट ऐकून घेतलंत. थँक यू."

मी "यू आर वेलकम" म्हणालो आणि पार्किंगकडे चालू लागलो.