कमलबाईंचं अर्धा लिटर पाणी

"मॅडम, या बाई पाणी पीत नाहीत आणि वर प्यायले म्हणून सांगतात," श्रुती म्हणाली आणि तिने स्कॅन माझ्या स्क्रीनवर उघडला. "आज तिसऱ्यांदा."

डॉ. श्रुती आमची सेकंड इयरची रेसिडेंट. मूळची अकोल्याची, हुशार आणि घाईची. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस झाल्यावर आमच्या हाताखाली तीन वर्षं काम करत एक विषय शिकणारा डॉक्टर. आमचा विषय रेडिएशन ऑन्कॉलॉजी, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार. नातवंडांनो, तुमच्या बाबाने पहिलीत असताना शाळेत सांगितलं होतं, "माझी आई लोकांना लाइट मारते." ते अगदीच चूक नव्हतं. पेशंट त्याला 'शेक' म्हणतात.

कमलबाई हडपसरच्या पलीकडून यायच्या. त्यांचं गाव आता शहरात आलं आहे, शेताच्या जागी बिल्डिंगा उभ्या आहेत. त्यांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, वेळेत सापडलेला, बरा होण्यासारखा. पाच आठवडे, सुट्टीचे वार सोडून रोज शेक घ्यायचा होता. मध्येच सोडला तर उरलेला कॅन्सर पुन्हा वाढतो.

आता पाण्याचं कारण. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय असतं. ते भरलेलं असलं की आतड्यांना वर ढकलून धरतं, किरणांच्या वाटेतून दूर. रिकामं असलं की आतडी खाली घसरतात आणि त्यांना नको तो शेक बसतो. म्हणून पेशंटने आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबून टेबलावर यायचं. टेबलावर घेतल्यावर मशीन आधी एक छोटा स्कॅन काढतं. त्यात कमलबाईंचं मूत्राशय चिंचोक्याएवढं दिसत होतं.

परिणाम त्यांच्या मुलाने सांगितला. तो त्याच दुपारी केबिनमध्ये आला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"मॅडम, आईला दिवसभर जुलाब होत्यात. अंगात काय राहिलं नाय. आम्ही शेक बंद करतो."

"बसा. बंद केला तर काय होईल, ते सांगितलंय ना तुम्हाला?"

"सांगितलंय. पर आत्ता डोळ्यासमोर काय होतंय, ते तर बघा."

त्याचं चुकत नव्हतं. मी एक आठवडा मागून घेतला. "एकच आठवडा हं, मॅडम," तो म्हणाला. "मग मी आईला घरी नेणार."

तो गेल्यावर श्रुतीने आपला उपाय मांडला. "रिकाम्या मूत्राशयावर नवीन प्लॅन करू. आणि माझ्या थिसिसमधून यांना वगळू."

तिचा थिसिस मूत्राशयाच्या भरण्यावरच होता. कमलबाईंमुळे तिचा ग्राफ बिघडत होता.

"नवीन प्लॅनमध्ये आतडी वाचतील का?" मी विचारलं.

"नाही. उलट जास्त डोस बसेल."

"मग तो उपाय कोणासाठी? बाईंसाठी की ग्राफसाठी?"

आमच्याकडे रेसिडेंटने पेशंटला द्यायची सूचना एकदा तरी स्वतः पाळून पाहायची, असा रिवाज आहे. डोकं हलू नये म्हणून लावतात तो प्लॅस्टिकचा मास्क लावून टेबलावर पडून राहणं सगळे हौसेने करतात, फोटोसुद्धा काढतात. पाणी कोणी पीत नाही. मी श्रुतीला म्हटलं, "उद्या कमलबाईंच्या शेजारी बाकावर बस. त्यांच्याच वेळेला अर्धा लिटर पी. त्यांना आत घेतील तेव्हाच ऊठ."

"ओपीडी आहे, मॅडम."

"मी बघते ओपीडी. अजून विसरले नाहीये."

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसली. अपॉइंटमेंटच्या हिशोबाने दोघींना पाणी दिलं गेलं. कमलबाई आपली बाटली घेऊन तोंड धुवायला जाऊन आल्या. पण आधीच्या पेशंटची पोझिशन जुळेना, मग मशीनने काही एरर दाखवला, इंजिनिअरला बोलावलं. पाऊण तासाचा दीड तास झाला. श्रुतीने पाय आवळले, घड्याळ पाहिलं, आणि शेवटी ओढणी सावरत धावत सुटली.

परत आली तर कमलबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "तुमी पळालात, बरं केलंत. आमाला कुठं पळता येतंय? तेवढ्यात नंबर पुकारला म्हंजे?"

"मग तुम्ही कशा काय बसता इतका वेळ?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "पैल्या आठवड्यात मीबी पीत हुते की. एकदा असंच मशीन बंद पडलं. टेबलावर घेतलं तवा धरवंना. चादर भिजली. मशीनवरची ती दोन पोरं काय बोलली नाय, पर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तवापासनं बाटली तोंडाला लावते आन् बेसिनात वतते."

"अहो, मग सांगायचं ना!"

"कुणाला? पोराला?"

श्रुती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पण तिच्याकडे योजना होती. पाणी अपॉइंटमेंटवर नाही, मशीनवर नंबर प्रत्यक्षात कुठवर आलाय ते पाहून द्यायचं. टेबलावर घेण्याआधी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मूत्राशय किती भरलंय ते बघायचं. कोणी उठून गेलं तरी त्याचा नंबर जाणार नाही. आणि कमलबाईंना टेबलावर घ्यायला मशीन चालवणारी बाई टेक्नॉलॉजिस्ट.

आमचे चीफ टेक्नॉलॉजिस्ट कुलकर्णी वैतागले. "म्हणजे आता आम्ही पाणपोई चालवायची का?"

"पाणी श्रुती देईल," मी म्हटलं. "तुम्ही फक्त किती उशीर आहे, ते खरं सांगा."

"ते जरा अवघड आहे," ते म्हणाले. पण सांगू लागले.

तरी पहिले दोन दिवस कमलबाई घाबरून अर्धीच बाटली प्यायल्या. श्रुती शेजारी बसून राहिली, दोघींच्या अकोला-हडपसर अशा गप्पा झाल्या. तिसऱ्या दिवशी स्कॅनमध्ये मूत्राशय हवं तेवढं भरलेलं दिसलं आणि आतडी वर सरकलेली. जुलाब लगेच थांबले नाहीत, भाजलेलं आतडं सावकाश भरतं. पण आठवडा संपला तेव्हा मुलगा केबिनच्या दारातूनच म्हणाला, "काल आईनं भाकरी मागितली. येतो सोमवारी."

शेक पूर्ण झाला, त्यानंतरचे, नळीने आतून द्यायचे किरणांचे डोसही झाले. कमलबाई अजून तपासणीला येतात आणि ठीक आहेत. श्रुतीने त्यांना थिसिसमध्ये ठेवलं. ग्राफ काही सुंदर झाला नाही, पण तो का बिघडला, याची दोन पानं सगळ्या थिसिसमध्ये वाचण्यासारखी होती.

केसपेपरवर 'पेशंट सूचना पाळत नाही' असं लिहायला अर्धं मिनिट पुरतं. ती सूचना स्वतः पाळून पाहायला दीड तास लागतो, आणि बाथरूम जवळ असावं लागतं.