नळीचा तुकडा

घोडपदेवच्या आमच्या लाँड्रीत ती बाई एकदाच आली, बॉयलरमध्ये घालायचं नवं केमिकल तपासायला. नळ्यांत क्षार साठून वाफ कमी झाली होती, हॉटेलांच्या चादरींचा ढीग वाढत होता आणि मला घाई होती.

केमिकलच्या कॅनबरोबर चाचणीसाठी धातूची एक चकचकीत पट्टी आली होती. ती तिने बाजूला सारली. "ही कंपनीवाल्यांची. मला तुमच्या नळीचा तुकडा द्या."

भंगारातला तुकडा तिने लख्ख घासला, पर्समधल्या छोट्या काट्यावर तोलला आणि दोरा बांधून बादलीतल्या गरम केमिकलमध्ये सोडला. मग पदर खोचून शेजारीच बसली. चहासुद्धा बादलीवरची नजर न काढता प्यायली.

मी उरलेल्या केमिकलमध्ये क्षाराचा खडा टाकला. तो फसफसून विरघळला. "बघा मॅडम, झालं की काम!"

"क्षार जाणारच हो. सोबत लोखंड किती जातं, ते बघू द्या."

चार तासांनी तिने तुकडा धुऊन, पुसून पुन्हा तोलला आणि माझ्या हातात दिला. वजन घटलं होतं. बोटांना बारीक खड्डे लागले.

"एकदाच वापरू की," मी म्हणालो.

"पातळ झालेली नळी वाफेच्या दाबाने फुटते. बॉयलरपाशी दिवसभर कोण असतं?"

"आमचे काका. तेच सांभाळतात."

"आणि तुम्ही?"

"वर, ऑफिसात."

"म्हणून घाई आहे तुम्हाला," कॅनचं झाकण घट्ट लावत ती शांतपणे म्हणाली.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझं टेबल मात्र आता खाली आहे, बॉयलरशेजारी.